जुलैत दार उघडलं पाहिजे : कोकणात सुतारकाम का करावंसं वाटतं?

रंध्याचीधार | ४ जुलै, रात्री ९:१२

मी देवगड तालुक्यातला. वडील मेस्त्री, आजोबा मेस्त्री. मी बारावीनंतर मुंबईला गेलो, तीन वर्षं एका गोदामात आवक-जावक लिहिली. २००२ साली गणपतीला गावी आलो, तो परत गेलो नाही. तेव्हापासून हेच काम.

हा धागा काढायचं कारण असं. आमच्या वाडीतला एक मुलगा शाळा सुटल्यावर माझ्याकडे येऊन बसायचा. आधी ढलप्या गोळा करायचा, मग करवत धरू लागला. यंदा दहावी चांगल्या मार्कांनी झाला आणि घरी सांगून टाकलं की मला हेच शिकायचंय. परवा त्याची आई आली. "मेस्त्रीनू, ह्या कामात झिलाचा बरा होतला मां?" (पोराचं बरं होईल ना?) मी "होतला" म्हटलं. पण का होतला, ते मला धड सांगता आलं नाही. ती माऊली चहा घेऊन गेली आणि मी रात्रभर उत्तर शोधत राहिलो.

माझ्यापुरतं उत्तर एका दारात आहे.

परत आल्यावर दुसऱ्याच वर्षी वडिलांनी मला पहिलं दार एकट्याने करायला दिलं. बाहेरचे उभे-आडवे पट्टे सागाचे, आतली तावदानं फणसाची. मे महिन्यात लाकूड खडखडीत वाळलेलं. मी तावदानं खाचेत इतकी घट्ट बसवली की सुईसुद्धा जाऊ नये. वर डिंक लावला, शिवाय बारीक चुका (छोटे खिळे) मारल्या. घरमालक खूश, मी त्याहून खूश. जुलैत निरोप आला, दार बंदच होत नाही. जाऊन बघतो तर तावदानं फुगून त्यांनी बाहेरचे पट्टे ढकलले होते आणि खालच्या कोपऱ्यातलं कुसू, म्हणजे पट्ट्याचं भोकात बसणारं टोक, दीड सूत बाहेर आलं होतं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मी लगेच कडेवर रंधा ठेवला. वडील मागे उभे होते. म्हणाले, "आता रंधो मारलंस तर जानेवारीत बोटभर फट पडात. ऱ्हवांदे."

ते दार तसंच राहिलं. घरमालकाला पावसाळाभर आडणा लावायला लागला, मला रोज त्या वाटेने जायला लाज वाटायची. जानेवारीत आम्ही ते उतरवलं आणि सगळे सांधे सोडवले. वडिलांनी प्रत्येक तावदानाची दोन्ही उभ्या बाजूंनी एकेक सूत कड काढायला लावली. डिंक नाही, चूक नाही. तावदान खाचेत नुसतं उभं राहिलं पाहिजे, हाताने हलवलं तर किंचित हललं पाहिजे. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीतच फुगतं आणि आकसतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच ओली, त्यामुळे झाड तोडून कितीही वर्षं झाली तरी फळी दर आषाढात पाणी पिते आणि दर पौषात ते सोडते. त्याला जागा द्यायची, अडवायचं नाही.

ते दार अजून तिथे आहे. अजूनही दर जुलैत त्या घरावरून गेलो की मी ओट्यावर चढून दार एकदा उघडतो आणि लावतो. घरच्यांना सवय झालीय. गोदामात मी तीन वर्षं लिहिलेल्या वह्यांचं काय झालं मला माहीत नाही. ह्या दाराचं मला दरवर्षी कळतं.

इथे सुतारकाम करणारे, सोडलेले, नव्याने शिकणारे असतील. तुम्ही ह्यात का आलात आणि का टिकलात, ते लिहा. त्या माऊलीला वाचून दाखवणार आहे.

---

माजघर | ४ जुलै, रात्री १०:०५

दादा, मी सुतार नाही, पण वाचून उठले आणि आमचं माजघराचं दार उघडून बघितलं. रत्नागिरीजवळचं घर, दार पणजोबांच्या वेळचं. तावदान खरंच हलतं! इतकी वर्षं मला वाटायचं ते सैल झालंय, दुरुस्त करून घ्यायला हवं. आता हात लावणार नाही.

---

खाडीकाठ | ४ जुलै, रात्री ११:४०

आमच्याकडे होड्या बांधायचे. मालवणच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी. घराचं दार एका अंगाने पाऊस खातं, होडीला तर सगळीकडून पाणी, वर खारं.

लहानपणी बाबांबरोबर लाकूड बघायला जायचो. बाकीचे लोक सरळसोट झाड शोधतात. बाबा सरळ झाडाकडे मान वर करून बघतसुद्धा नसत. त्यांच्या हातात एक वाकवलेली सळई असायची, होडीच्या बरगडीच्या आकाराची. ती लांबून एकेका फांदीवर धरून बघायचे, एक डोळा मिटून. उंडीचं झाड, आईन, कधी जुना आंबा. जिथे फांदी खोडातून त्याच वळणाने निघाली असेल तिथे खडूची खूण. मी विचारलं होतं, सरळ फळीतून करवतीने वळण का कापत नाही? त्यांनी कापून दाखवलं आणि गुडघ्यावर ठेवून मोडून दाखवलं. वळण कापलं की लाकडाची रेघ मधेच तुटते, लाट बसली की तिथेच मोडतं. फांदी वाऱ्यात वाढताना स्वतः वळलेली असते, तिची रेघ टोकापासून टोकापर्यंत अखंड जाते. माझ्या मते सुतारकामातलं अर्धं शहाणपण ह्या एका गोष्टीत आहे. आधी झाड वाचायचं, मग हत्यार उचलायचं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या. त्या दिवसांत फळ्यांच्या फटीतला जुना कापूस उकरून काढायचा आणि नवी वात ठोकून बसवायची, हे आमचं काम. ठोकताना आवाज बदलतो. वात नीट बसेपर्यंत भद्द वाजतं, बसली की टणत्कार येतो. बाबा झोपाळ्यावर डोळे मिटून बसलेले असत आणि तिथूनच सांगत, "तिसरी फळी, परत मार."

आता फायबरच्या होड्या आल्या. वजनाला हलक्या, दरवर्षीची ही उस्तवार नाही. मच्छीमाराने त्या का घेऊ नयेत? घ्याव्यातच. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे आणि मी त्याला दोष देणार नाही. पण आमचं काम दुरुस्तीपुरतं उरलं. मी आज घरांची छपरं आणि झोपाळे करतो. मनापासून करतो. तरी नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात ढकलल्यावर सगळे पुढे डोलकाठीकडे बघत असतात, मी आत वाकून तळ कोरडा आहे का ते बघत असतो.

---

चाकरमानी_बोरिवली | ५ जुलै, सकाळी ७:५०

सगळ्यांचं छान आहे, पण त्या आईचा प्रश्न वेगळा आहे असं मला वाटतं. ती विचारतेय की पोराचं घर चालेल का, लग्न होईल का. माझे काका मेस्त्री होते, हात सोन्यासारखा, आणि शेवटी औषधाला पैसे नव्हते. ह्यावर कोणी स्पष्ट लिहील का?

---

सूतभर | ५ जुलै, दुपारी १:३०

चाकरमानी, मी लिहितो. चिपळूणला फर्निचरचं काम घेतो. प्लाय, सनमायका, मॉड्युलर किचन, सगळं. वडिलोपार्जित नाही, मी कॉमर्स शिकलोय.

पैशाचं आधी. आमच्या भागात चांगल्या मेस्त्रीची दिवसाची मजुरी आज हजाराच्या आसपास आहे आणि चांगला मेस्त्री मिळत नाही ही लोकांची रोजची तक्रार आहे. काम हवंय त्याला काम आहे. पण वर्षभर सारखं नाही. जून-जुलै मंद, गणपतीच्या आधी महिनाभर झोप नाही, परत मे महिन्यात सगळ्यांना एकाच वेळी घर नीट करून हवं असतं. माणूस हाताने कितीही चांगला असला तरी हिशोबाला कच्चा असेल तर तो तुमच्या काकांसारखा अडकतो. मीही अडकलो. एका बंगल्याचं पूर्ण काम केलं, शेवटचा हप्ता मालकाने आजतागायत दिला नाही. तेव्हापासून लाकडाचे आणि प्लायचे पैसे आधी, काम किती आणि काय हे कागदावर, दोघांच्या सह्या. त्या मुलाला रंध्याबरोबर हेही शिकवा, मेस्त्री. मेडिक्लेम काढायलाही सांगा.

आता प्लायबद्दल. जुने लोक प्लायवाल्याला सुतार मानत नाहीत, ह्याचं मला वाईट वाटतं. प्लायमध्ये एकाआड एक थर आडवे-उभे चिकटवलेले असतात म्हणूनच ते रुंदीत फुगत नाही. म्हणजे रंध्याचीधार यांनी ज्या फुगण्याला जागा दिली, ते फुगणं प्लायने आतल्या आत बांधून टाकलं. दोन्ही उत्तरं खरी आहेत. मात्र स्वस्तात विकतात ते भुशाचे बोर्ड हे उत्तर नाही, निदान आपल्याकडे नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी गावात शिरली तेव्हा मी हे डोळ्यांनी बघितलं. पाणी उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही कडांना फर्निचरचे ढीग होते. भुशाच्या बोर्डांचा लगदा झालेला, कपाट उचलायला गेलं की खालचा भाग हातात यायचा. मी केलेली काही कपाटंसुद्धा त्या ढिगात होती. ग्राहकाने स्वस्त मागितलं आणि मी दिलं, ही माझी चूक मी मान्य करतो. त्याच आळीतल्या एका आजींचं सागाचं फडताळ आम्ही चिखलातून बाहेर काढलं, पाण्याने धुतलं, सावलीत दोन महिने वाळवलं. खालचे दोन सांधे परत आवळले. ते आज वापरात आहे.

त्यानंतर मी स्वयंपाकाच्या ओट्याखाली सागरी प्रतीचं, आयएस ७१० शिक्क्याचं प्लाय सोडून दुसरं काही लावत नाही. उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवून त्याच्या डिंकाची परीक्षा घेतात. परवडत नसेल तर ओटा लहान करू म्हणतो, प्लाय हलकं करत नाही. चार कामं जातात त्यामुळे, पण मला रात्री झोप लागते.

---

पुन्हा_कौलं | ५ जुलै, रात्री ८:१५

मी दापोली तालुक्यातला, किनाऱ्यावरचा. सुतारकामात मी वादळाने आलो.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. त्याआधी मी पर्यटकांच्या हॉटेलात स्वयंपाकघरात होतो, आणि टाळेबंदीत ते बंद. त्या दिवशी दुपारी आमचं अर्धं छप्पर गेलं. नुसती कौलं नाही, खालच्या लाकडी रिपांसकट. वाडीत एक घर शाबूत राहिलं नव्हतं, नारळ-सुपारी झोपलेली, वीज कित्येक दिवस नाही, आणि वरून पावसाळा तोंडावर. मेस्त्री आख्ख्या पंचक्रोशीत दोन. त्यातले एक सत्तरी पार केलेले. त्यांना छपरावर चढवत नव्हतं, म्हणून ते खाली खुर्चीत बसायचे आणि आम्ही चार-पाच पोरं वर.

पहिला वासा मी उलटा लावला. ते खालून म्हणाले, "बाळा, झाडाचा बुंधा कुठला नि शेंडा कुठला ते बघ आधी. जाड तोंड खाली भिंतीकडे." मग हळूहळू कळत गेलं. कणा कुठे, तुळई कुठे भार घेते, वाऱ्याने छप्पर खालून वर उचललं म्हणजे खिळा का सुटतो आणि लाकडी खुंटी का धरून ठेवते. त्या दोन महिन्यांत आम्ही एकवीस छपरं उभी केली. पैसे काहींनी दिले, काहींनी तांदूळ दिले, एका घराने म्हशीचं दूध महिनाभर दिलं.

एक रात्र विसरत नाही. एका घरी आजी आणि दोन नाती, ताडपत्री लावून राहिलेल्या. आम्ही अंधार पडेस्तोवर शेवटची ओळ घातली आणि उतरलो, तोच पाऊस कोसळला. आजींनी कंदील वर धरला आणि एकेक कोपरा बघत फिरल्या. कुठे थेंब नाही. काही बोलल्या नाहीत. चुलीवर पिठलं टाकलं आणि आम्हाला पाटावर बसवलं.

हॉटेल पुन्हा सुरू झालं, बोलावणंही आलं. मी गेलो नाही.

---

चितारआळीची | ६ जुलै, सकाळी ११:२०

मी सावंतवाडीची. आमच्या घरात लाकडी फळं आणि खेळणी पिढ्यान्‌पिढ्या. घरच्या बायकांनी रंगकाम करायचं आणि लाकूड कातायचं काम पुरुषांनी, असं आमच्याकडे होतं. मला रंग कधी आवडलाच नाही, मला कातणं आवडायचं. बाबा नाही म्हणाले नाहीत, फक्त म्हणाले ओढणी काढून ये आणि केस घट्ट बांध.

खेळण्यांना पांगारा वापरतो. हलका, मऊ, पांढरट, मुलांच्या हातात जड होत नाही. पण मऊ लाकूड सोपं असतं असं कोणी समजू नका. पटाशीला धार कमी असेल तर सागावर काम निभतं, पांगाऱ्यावर नाही. तंतू कापले न जाता उपटले जातात, मग कितीही घासा, रंग तिथे खड्ड्यात बसतो. दिवसाची सुरुवात धार लावण्यानेच करावी लागते. यंत्रावर आंबा कातताना शेंड्याकडचं ते किंचित बाकदार टोक आलं की मी श्वास रोखते. तिथे एक क्षण जास्त दाबलं की आंब्याचा पेरू होतो! मग फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि गोल गोल चढत जाते. हे हजार वेळा केलंय, तरी दर वेळी तो रंग उमटताना बघायला थांबते.

नंतर आयटीआयमध्ये कारपेंटर ट्रेड केला, एक वर्षाचा. प्रवेशाला आठवी पास पुरते, तेव्हा तुमच्या मुलाची दहावी वाया जायची नाही, उलट भूमितीचा उपयोगच होईल. वर्गात मी एकटी मुलगी होते. दाराखिडक्यांची कामं मिळायला वेळ लागला. लोक घरी यायचे आणि बाबांना विचारायचे, बाबा माझ्याकडे बोट दाखवायचे. आता थेट मला फोन येतो.

मेस्त्रीकाका, त्या आईला सांगा, आठवडाभर मुलाने धार लावायला कंटाळा केला नाही तर त्याला घ्या.

---

अळसुंद | ६ जुलै, दुपारी ३:४५

मेस्त्रीची मुलगी आहे आणि डॉक्टर आहे, म्हणून दोन गोष्टी. लाकडाची बारीक धूळ नाका-सायनसच्या कर्करोगाचं सिद्ध कारण म्हणून जागतिक यादीत आहे. पॉलिश पेपरच्या यंत्राजवळ तोंडाला रुमाल पुरत नाही, नीट बसणारा मास्क हवा. आणि कटर-ग्राइंडरजवळ कानात बोळे. माझे बाबा आज मला "मोठ्याने बोल" म्हणतात. हातमोजे मात्र फिरत्या यंत्रावर घालू नये, मोजा ओढला गेला की बोट त्याच्याबरोबर जातं. मुलाला पहिल्या दिवसापासून ही सवय लावा, नंतर कोणी ऐकत नाही.

---

चाकरमानी_बोरिवली | ६ जुलै, रात्री ९:००

सूतभर, स्पष्ट लिहिल्याबद्दल आभार. काका असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं. अजून एक, सरकारी काही मदत आहे का ह्यात?

---

सूतभर | ६ जुलै, रात्री ९:३५

आहे. पीएम विश्वकर्मा, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. १८ व्यवसाय आहेत, त्यात सुतार आहे आणि खाडीकाठ, होडी बांधणारेही वेगळे धरलेत. वय १८ पूर्ण हवं. थोड्या दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० पर्यंत, आणि ५ टक्क्यांनी कर्ज, आधी १ लाखापर्यंत, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत. मुलगा लहान आहे अजून, तोवर हात बसू दे.

---

माजघर | ७ जुलै, सकाळी ६:३०

धागा रोज वाचतेय. आता माझाच एक प्रश्न. काल रात्रीच्या वाऱ्यात आमच्या परसातला जुना फणस मुळासकट पडला. आजोबांनी लावलेला. खोड दोघांच्या कवेत येईल एवढं. सकाळपासून एक माणूस जळणासाठी मागतोय. मला ते नको वाटतंय. ह्याचं काय करता येईल?

---

खाडीकाठ | ७ जुलै, सकाळी ६:५०

ताई, जळणाला देऊ नका! त्या माणसाला परत पाठवा.

---

रंध्याचीधार | ७ जुलै, सकाळी ७:२५

ताई, आजच करायचं ते सांगतो. फांद्या आणि मुळं कापून घ्या, मधल्या खोडाला मात्र हात लावू देऊ नका. दोन्ही कापलेल्या तोंडांना जुना ऑइलपेंट जाड फासा. टोकाकडून पाणी सगळ्यात लवकर निघून जातं आणि तिथूनच लाकूड तडकतं. जमिनीला टेकलेलं असेल तर खाली दोन चिरे सरकवून उचलून घ्या, नाहीतर वाळवी चढेल.

पाऊस जरा उघडला की गिरणीत नेऊन फळ्या पाडायच्या. मग पडवीत, ऊन न लागेल अशा जागी रचायच्या, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या रिपा, वर वजन. इंचभर जाडीला साधारण वर्ष धरायचं. आता लाकूड पिवळंधमक दिसेल. पाचेक वर्षांत ते मधासारखं होईल आणि तुमच्या नातवंडांच्या वेळी तपकिरी. फणस घाई केली की वाकतो, वेळ दिला की माणसासारखा शांत होतो. त्यातून देव्हारा होईल, गणपतीचा पाट होईल, उरलं तर झोपाळ्याची फळी.

त्या माऊलीकडे काल संध्याकाळी गेलो होतो. तुम्हा सगळ्यांचं लिहिलेलं वाचलं. छपराचं ऐकताना ती गप्प झाली, चितारआळीच्या पोरीचं वाचल्यावर म्हणाली, "मग झिलाक धार लावूक शिकवा पयली." मुलगा आजपासून येतोय. पटाशी आणि दगड देऊन बसवलाय.

ताई, रविवारी मी तुमच्याकडे येतो, पत्ता निरोपातून कळवा. त्यालाही आणतो. ओंडका कुठून चिरायचा ते आधी त्याला विचारीन, मग मी सांगेन.

---

माजघर | ७ जुलै, सकाळी ७:४०

निरोप केलाय, मेस्त्री. रंग लावायला घेतला. दोघं जेवायलाच या.